वर्तकताईंचं ब्रूज

प्रिय मुक्ता आणि ईशान,

परवा मुक्तानं फोनवर विचारलं की ती मैत्रिणींबरोबर तीन दिवस ब्रूजला चालली आहे, तर तिथे काय बघू. मी म्हटलं, घंटांचा मनोरा बघ, कालवे बघ, रस्ते दगडी आहेत म्हणून जाड तळव्याचे बूट घाल. फोन ठेवला आणि मला वाईट वाटलं. हे तर कुणीही सांगितलं असतं. मी आणि तुमचे आजोबा आठ वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो, एवढंच तुम्हाला माहीत आहे. आम्हाला कुणी नेलं आणि तिथे एका दुपारी काय झालं, हे मी तुमच्या आईलाही नीट सांगितलेलं नाही. फेब्रुवारीत वर्तकताई गेल्या. आता हे सांगू शकणारी मीच उरले आहे, आणि मलाही हल्ली नावं आठवायला वेळ लागतो. म्हणून लिहिते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर ईशानला वाचायला सोपं गेलं असतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं, तेव्हा मला ते जडही नाही. पण वर्तकताईंची वाक्यं इंग्रजीत घातली की ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटतात. तेव्हा ईशान, तू आईकडून वाचून घे.

कुमुद वर्तक आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. एकट्याच. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, त्यामुळे मला 'शैला' म्हणत आणि मी त्यांना वर्तकताई म्हणे. उंच, हडकुळ्या, खांद्याला कायम आडवी अडकवलेली काळी पिशवी. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंक कॉल जोडायच्या. ट्रंक कॉल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं. तेव्हा दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला सांगावं लागे, आणि तिथली बाई तो जोडून देई. कधी तासभर लागे, कधी पलीकडे कुणी उचलतच नसे. त्या म्हणायच्या, "पलीकडे घंटा वाजत राहते आणि इकडचा माणूस श्वास रोखून ऐकतो, तो श्वास मी तीस वर्षं कानाला लावलाय." त्यांना इतकी काळजी का वाटते, असं कुणी विचारलं की हेच उत्तर मिळे. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काळजी मात्र भयंकर. रिक्षात बसल्या की रिक्षावाल्याला त्याचं जेवण झालंय का विचारत, कारण उपाशी माणूस ब्रेक उशिरा लावतो असं त्यांचं मत होतं. जिन्यात कुणाच्या घरून कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या तर बेल वाजवत. आम्ही हसायचो. आजोबा त्यांना तोंडावर 'सायरन' म्हणत आणि त्या रागावत नसत. म्हणत, "आठवले, सायरन वाजला तर तुम्हीच आधी पळाल."

अशी बाई निवृत्त झाल्यावर दरवर्षी बारा म्हाताऱ्या माणसांना युरोप दाखवायला न्यायची, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. आम्हालाही वाटायचं. पण आता मला वाटतं, काळजी होती म्हणूनच त्यांना ते जमलं. त्यांची कंपनी नव्हती. विमान, गाड्या आणि हॉटेलं ठाण्याचा एक एजंट बघायचा, फिरवण्याचं काम त्यांचं. त्यांचा नियम असा की एका खेपेला तीनच गावं, आणि प्रत्येक गाव पायी. "लोक दहा देश करून येतात आणि त्यांना बसची खिडकी तेवढी आठवते," असं त्या म्हणत. जुन्या गावांवरच त्यांचा जीव होता. चौक, चर्च, वेशीचे दरवाजे, नदीवरचे पूल. मोठ्या शहरांना त्या घाबरायच्या आणि तसं कबूलही करायच्या.

निघण्याआधी दोन महिने दर रविवारी सकाळी तालीम असायची. ही तालीम म्हणजे वर्तकताईंची खरी करामत. ज्या गावाला जायचं त्याचा नकाशा त्या डोंबिवलीवर पसरायच्या. ब्रूजच्या वेळी गणपतीच्या देवळासमोरचा चौक म्हणजे ब्रूजचा मोठा चौक ठरला, मधोमध मनोरा आहे असं समजायचं. आमच्या मागचा नाला म्हणजे कालवा. स्टेशन म्हणजे स्टेशनच. आणि आमच्या आळीच्या टोकाची पिठाची गिरणी म्हणजे पवनचक्की, कारण ब्रूजच्या पूर्वेच्या तटावर जुन्या लाकडी पवनचक्क्या आहेत आणि त्यातली एक अजूनही धान्य दळते. अंतरंही त्यांनी पावलांनी मोजून जुळवलेली. चौकातून गिरणीपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढाच तिथेही लागला पाहिजे, म्हणून आम्हाला त्या मधल्या गल्ल्यांतून वळसे घालायला लावत.

आम्ही बारा जण पांढरे बूट घालून, छातीवर नावाची पट्टी लावून, भाजीवाल्यांमधून असे चालत असू. कोपऱ्यावरचा पानवाला विचारायचा, "काय आजी, आज कुठे?" त्या गंभीरपणे सांगत, "बेल्जियम." सोबतच्या सप्रे वकिलांनी नाल्यापाशी नाकाला रुमाल लावला तर त्या म्हणाल्या, "सप्रे, तिथे वास नसेल. पण कठडा तिथेही बुटका आहे. वासाकडे नको, कठड्याकडे बघा."

मोजणी ही त्यांची दुसरी गोष्ट. त्या उलट्या मोजत. बारा, अकरा, दहा असं एकावर यायचं. सरळ मोजताना तोंड आपोआप चालतं, उलटं मोजताना माणसाकडे बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आणि फिरताना त्या कायम इमारतीकडे पाठ करून उभ्या राहत. आमचे सगळे डोळे वर, कमानीकडे, रंगीत काचांकडे, आणि त्यांचे डोळे आमच्याकडे. तुमच्या आईकडे अल्बम आहे त्यात बघा. प्रत्येक फोटोत एखादं प्रचंड चर्च आणि त्याच्यासमोर आमच्याकडे तोंड करून उभी असलेली एक उंच बाई. आदल्या वर्षी एका गावातली गाइड भराभर पुढे निघाली तेव्हा या तिच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या की माझी माणसं अजून बघतायत, तू जरा बस.

तालमीच्या शेवटच्या रविवारी परीक्षा असे. प्रत्येकानं एकट्यानं चौकातून निघून ठरलेल्या ठिकाणी वीस मिनिटांत पोचायचं. नाही पोचला तर तो येणार नाही. यात त्यांनी कुणाची गय केली नाही. आमच्या आधीच्या वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांना त्यांनी थांबवलं. ते गृहस्थ पुढे त्यांच्याशी बोलेनासे झाले, समोरून आले तर रस्ता ओलांडत. वर्तकताईंना ते लागलं, पण त्यांनी नियम बदलला नाही.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं.

त्या वर्षी आजोबांचं विसरणं सुरू झालं होतं. म्हातारपणी सगळेच विसरतात, तसं नव्हतं ते. बँकेतून घरी येताना ते एकदा दोन तास फिरत राहिले. एकदा तुमच्या आईला त्यांनी तिच्या आत्याच्या नावानं हाक मारली आणि ती ओ का देत नाही म्हणून चिडले. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. तो कागद मी कपाटात साड्यांखाली ठेवला. परत आल्यावर बघू असं ठरवलं, कारण आजोबांना ब्रूज बघायचंच होतं. एमआयडीसीतल्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली. त्या मनोऱ्यात एक भलंमोठं पिंप आहे, त्याच्यावर खुंट्या बसवल्यात, पिंप फिरलं की खुंट्या तारा ओढतात आणि वरच्या घंटा वाजतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते पिंप त्यांनी कागदावर कितीदा काढून दाखवलं असेल. वर चढणं गुडघ्यांमुळे शक्य नव्हतं. खाली उभं राहून ऐकेन, म्हणायचे. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. आणि वर्तकताईंना कळलं तर आत्ताही नाही.

परीक्षेच्या रविवारी आजोबांना चौकातून गिरणीपर्यंत जायचं होतं. वर्तकताई गिरणीपाशी घड्याळ घेऊन उभ्या होत्या. माझी परीक्षा आधी झाली होती, मी घरी जाते असं सांगून निघाले आणि मधल्या वळणांवर जाऊन उभी राहिले. आजोबा गोंधळले की मी लांबूनच हात करायची. तीन वळणांवर मी तसं केलं. ते अठरा मिनिटांत पोचले. वर्तकताईंनी "छान, आठवले" म्हटलं आणि नावापुढे खूण केली. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

ब्रूजला आम्ही मंगळवारी पोचलो. गाव कसं आहे ते तुला दिसेलच मुक्ता, मी वर्णन करत नाही. पायऱ्यापायऱ्यांची छपरं असलेली विटांची घरं, पाण्यात उतरलेल्या भिंती आणि दर पाव तासाला वरून पडणारा घंटांचा आवाज. आजोबा पहिल्या दिवशी चौकात दीड तास मान वर करून बसले. ते खूष होते. मी नव्हते. मी त्यांची बाही धरून होते आणि बाकीच्यांना ते प्रेम वाटत होतं. सप्रेबाई म्हणाल्यासुद्धा, "काय शैलाताई, या वयात?" मी हसले. बुधवारी आम्ही सगळे पवनचक्की बघायला गेलो, अगदी तालमीतल्यासारखे, आणि आजोबा वाटेत एकदाही अडखळले नाहीत. माझी काळजी थोडी कमी झाली. हीच चूक झाली.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला चौकात बसून आम्ही पाव आणि चटणी खात होतो. अडीचची कालव्यातली बोट ठरलेली होती. मी स्वच्छतागृहात जाऊन आले, सप्र्यांना यांच्याकडे लक्ष ठेवा म्हणाले होते. परत आले तर सप्रे मनोऱ्याचा फोटो काढत होते आणि बाकावर आजोबांची टोपी होती.

वर्तकताई मोजत होत्या. दोनवर त्या थांबल्या. एक कोण ते त्यांना माझ्याकडे बघून कळलं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली आला. चौघांना त्यांनी चौकाच्या चार कोपऱ्यांवर उभं केलं. एका जोडप्याला हॉटेलवर पाठवलं. ज्यांचं इंग्रजी बरं त्या जोशींना आजोबांचा फोटो देऊन पोलिसांकडे पाठवलं. हे सगळं दोन मिनिटांत, जणू कागदावर लिहून आणलेलं. मग त्या चौकातल्या पुतळ्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या.

मी म्हटलं, पाय मोकळे करायला गेले असतील, त्यांची सवयच आहे.

"शैला," त्या म्हणाल्या, "हे आत्ता नको. खरं सांग."

मी सांगितलं. बँकेचं सांगितलं, डॉक्टरांचा कागद सांगितला, वळणांवर उभं राहून केलेले हात सांगितले. बोलताना मला सारखे कालव्यांचे कठडे दिसत होते. ते खरंच बुटके होते.

"गिरणीजवळच्या कोपऱ्यावरची तू मला दिसली होतीस," त्या म्हणाल्या. मी काही विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "ते नंतर. मला एवढं सांग, घड्याळ त्यांनी बदललं का?"

बदललं नव्हतं. विमानात सगळ्यांनी घड्याळं मागे केली तेव्हा आजोबांनी ऐकलं नाही. त्यांच्या मनगटावर अजून डोंबिवलीचीच वेळ होती.

"म्हणजे त्यांचे साडेपाच वाजलेत. आज गुरुवार. गुरुवारी साडेपाचला आठवले कुठे असतात?"

उत्तर मला माहीत होतं, रोजच्या संसारातलं, साधं. गुरुवारी सकाळी मी डबा गिरणीत देत असे आणि साडेपाचला आजोबा तो आणायला जात. निवृत्त झाल्यापासून त्यांनी हे काम कधी चुकवलं नव्हतं.

मी म्हटलं, "दळण."

आम्ही दोघी निघालो. त्या धावल्या नाहीत, मलाही धावू दिलं नाही. धावलो तर बाजूच्या गल्ल्यांत बघता येणार नाही म्हणाल्या. डावीकडचं त्यांनी बघायचं, उजवीकडचं मी. तो रस्ता लांबच लांब आहे, त्यावर सायकली घंटी वाजवत अंगावरून जातात. एका पुलावर मी पाण्यात बघायला थांबले तर त्यांनी माझं कोपर धरून पुढे ओढलं. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

तटाची हिरवी टेकडी दिसली, तिच्यावर ती लाकडी चक्की, आणि खाली बाकावर तुमचे आजोबा. मांडीवर कापडी पिशवी नीट घडी करून ठेवलेली. शेजारी कुत्रं घेऊन बसलेली एक गोरी म्हातारी. दोघं एकमेकांशी काही बोलत नव्हती, पण रांगेत बसल्यासारखी बसली होती.

मी पुढे धावणार होते. वर्तकताईंनी मला मागे केलं आणि स्वतः जाऊन त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

"काय आठवले, गर्दी आहे का?"

"आहे ना. अजून नंबर नाही लागला."

"किती जण पुढे?"

आजोबांनी कुत्रं आणि म्हातारीकडे पाहिलं. "दोन."

"मग बसू या की," वर्तकताई म्हणाल्या, आणि खरंच बसल्या. मला त्यांनी डोळ्यांनी खूण केली, मीही बसले. चक्कीचे पंखे त्या दिवशी फिरत नव्हते. थोडा वेळ त्या पावसाबद्दल आणि गहू कसे महाग झालेत त्याबद्दल बोलल्या. त्यांनी जोशींना फोनवर हळूच दोन शब्द सांगितले. म्हातारी कुत्र्याला घेऊन उठली आणि गेली, तरी त्या उठल्या नाहीत. आजोबांचा श्वास सावकाश झाला, खांदे खाली आले, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "आठवले, गिरणीची लाइट गेलेली दिसते. उद्या येऊ या?"

"मग आधी नको सांगायला?" आजोबा कुरकुरत उठले. "उगाच खोळंबा."

परत येईपर्यंत आजोबा बरेचसे जागेवर आले होते. आपण कुठे गेलो होतो हे त्यांना अर्धवट कळलं होतं. चौकात सप्रे म्हणाले, "बोट मात्र गेली हं आपली." त्यांच्या मनात वाईट नसावं, स्वतःच्या चुकीनं ते ओशाळले होते. "बोट उद्याही आहे, सप्रे. तुम्ही जेवलात का?" वर्तकताई एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी आजोबांनी मला वर्तकताईंकडे न्यायला सांगितलं. मनोऱ्यासमोर त्या नेहमीसारख्या पाठ करून उभ्या होत्या, आम्हाला मोजत. आजोबांनी त्यांना पिंपाची सगळी हकीकत सांगितली, खुंट्या, तारा, घंटा, अगदी बिनचूक. मग त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना वळवलं.

"ताई, तुम्ही इकडे बघतच नाही. बघा की. मी आहे इथे, कुठे जात नाही."

वर्तकताई वर बघू लागल्या. पावणेसातची घंटा झाली. सातचीही झाली. त्या तशाच उभ्या होत्या, काळी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. पाच वर्षं माणसं फिरवून त्यांनी युरोपातली एक इमारत पहिल्यांदा नीट पाहिली असावी.

त्या रात्री हॉटेलच्या जिन्यावर मी त्यांना विचारलं, मी कोपऱ्यावर दिसले होते तर आम्हाला थांबवलं का नाही. त्या म्हणाल्या की यांना थांबवलं असतं तर पुढच्या वर्षी नेता आलंच नसतं, हे त्यांनाही दिसत होतं. आणि त्यांना वाटत होतं की मी येऊन सांगीन. "रोज वाटायचं, आज शैला बेल वाजवील. तू सांगितलं असतंस तर मी त्यांच्याबरोबर एक जास्तीचा माणूस ठेवला असता, एवढंच. तुझी चूक आहे. माझी जास्त आहे. मला माहीत होतं आणि मी गप्प बसून नुसती मोजत राहिले."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते राहू दे. पण आता मी कुणाला नेणार नाही."

मला वाटलं हे रागातलं बोलणं आहे. पण त्या नंतर खरंच कुणाला घेऊन गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी इटलीतल्या सियेनाचं ठरत होतं, नकाशा निम्मा डोंबिवलीवर बसवूनही झाला होता. लोक सहा महिने विनवत राहिले. कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, माझं नाव तर कधीच घेतलं नाही. बाकीचे दहा जण अजूनही मला विचारतात की वर्तकताईंनी एकदम का सोडलं. मी 'वय झालं' म्हणते. हे माझ्या मनावर आहे, आणि तुम्हाला लिहून ते कमी होईल असंही नाही.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते तपासण्यांचं. निदान काय ते तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले, जे स्वतःचं स्वतः करतात ते करू द्या, जितके दिवस जमेल तितके. म्हणजे गुरुवारचं दळण. मी सोबत गेले की आजोबा चिडत, मी काय लहान आहे का म्हणत. मग एका गुरुवारी गॅलरीतून मला दिसलं की आजोबा पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडले आणि त्यांच्या वीसेक पावलं मागून वर्तकताई चालल्या आहेत, भाजीला निघाल्यासारख्या. आजोबा थांबले की त्या एखाद्या हातगाडीपाशी थांबत आणि वांगी उलटीसुलटी करून बघत. अर्ध्या तासानं दोघं तसेच परत आले, आजोबा डबा घेऊन, आणि मागून त्या रिकाम्या पिशवीनं. मला त्या याबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. दोन वर्षं आणि काही महिने हे चाललं. पावसाळ्यात त्या छत्री उघडत नसत, कारण त्यांच्या छत्रीचा रंग आजोबांच्या ओळखीचा होता.

मग आजोबांचं बाहेर पडणं थांबलं. तुम्ही दोघं आलात तेव्हा त्यांना पलंगावरच पाहिलंत.

वर्तकताईंना मी शेवटचं पाहिलं ते ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोत. गुडघे गेल्यामुळे त्या भाचीकडे सांगलीला कायमच्या राहायला चालल्या होत्या. बाकी सामान आधीच गेलं होतं, जवळ ती काळी पिशवी. भाचीचा नवरा न्यायला आला होता, तरी कंडक्टरला त्यांनी तीन प्रश्न विचारलेच, गाडी घाटात कधी लागते, ड्रायव्हर वाटेत बदलतो का, आणि तो जेवलाय का. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा ओ, आम्ही पोचवतो." त्या खिडकीशी बसल्या. गाडी हलताना त्यांनी काच सरकवली. मला वाटलं, आता काही निरोपाचं बोलतील.

"शैला, घरी पोचलीस की फोन कर," त्या म्हणाल्या. प्रवासाला त्या निघाल्या होत्या.

मी केला. गाडी तेव्हा लोणावळ्यापाशी होती आणि त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

मुक्ता, तू ब्रूजला जा, वर बघ, खूप बघ. तुला कुणाला शोधायची वेळ येऊ नये.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते मला आजोबा गेल्यावर कळलं. ज्या दोन वर्षांत त्या मागून चालत होत्या, त्या काळात त्यांनी आमच्या फाटकापासून गिरणीपर्यंतच्या प्रत्येक दुकानात जाऊन आजोबांचं वर्णन सांगितलं होतं आणि आमच्या घरचा नंबर स्वतःच्या हातानं भिंतीवर लिहून ठेवला होता. गिरणीत नवा रंग दिला तेव्हा तिथला गेला. औषधांच्या दुकानाचं सगळं फर्निचर बदललं. शिंप्याच्या दुकानात मी मागच्या आठवड्यात ब्लाउज टाकायला गेले होते. तिथे शिलाई यंत्राच्या वरच्या भिंतीवर तो नंबर अजून आहे, आणि चपला शिवणाऱ्याच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही आहे. निळ्या पेनानं, टेलिफोनवालीच्या सुट्या सुट्या आकड्यांत. दोन्ही ठिकाणी नीट वाचता येतो.

तुमची आजी